पंजाबरावांची भूक

“काट्यावर उभं राहून खाली वाकू नका जी, काका. मले वाचता येते,” दवाखान्यात वजन करणारा बंडू म्हणाला.

पंजाबराव सरळ झाले. वजनाचा उतरलेला आकडा ऐकून त्यांनी वळून पाहिलं, निकाल लागलेल्या पोरासारखं. बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या त्यांच्या बायकोने, जाईबाईंनी, मान हलवली.

चांदूर बाजारचा औषधवाला साखरेच्या आजाराचं हे इंजेक्शन असंच देत नव्हता. मोठ्या डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, सरकारचा नियम आहे, म्हणायचा. म्हणून अमरावतीची ही खेप. आठवड्यातून एकदा पेनासारखी नळी पोटाला टेकवायची, एवढंच काम. पण त्या एवढ्याशा टोचण्याने पंजाबरावांची भूक गेली होती.

आज डॉक्टरबाईंना सांगायचं, बंद करा, असं जाईबाईंनी एसटीतच पक्कं केलं होतं.

पंजाबराव कधीच बोलके नव्हते. पोरं दूर गेल्यावर घरात दोघंच उरली, आणि दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते ताटावर. “अजून एक टाक वं.” “कोणत्या मिरचीचा ठेचा हाय हा?” “आज मिठाले हात जड झाला.” जाईबाई चुलीपासून उलट उत्तर द्यायच्या, ते गुरगुरायचे, आणि भाकरी संपेपर्यंत घर भरल्यासारखं वाटायचं. आता ते अर्धी भाकर खाऊन ताट सारायचे आणि ओट्यावर जाऊन बसायचे. मागणं नाही, नावं ठेवणं नाही. परवा त्यांच्या आवडीचे कढीगोळे केले, तर त्यांनी झाकण उचलूनसुद्धा पाहिलं नाही. जाईबाई एकट्या ताटापुढे बसल्या. घास तोंडात फिरत राहिला. शेवटी पातेलं उचलून त्यांनी शेजारी देऊन टाकलं.

डॉक्टर देवश्रीबाईंनी रिपोर्ट पाहिला. “वा काका! साखर छान खाली आली.” मग मोजा काढायला लावून त्यांनी तळपाय उजेडात धरला. “जखमही भरली की.”

जाईबाई उठून जवळ आल्या. थंडीभर त्यांनी ती जखम धुतली होती. अंगठा काढावा लागेल असं बोलणं झालं तेव्हा पंजाबराव भिंतीकडे तोंड करून झोपले होते. आता तिथे गुलाबी, कोवळी कातडी आली होती.

“काही त्रास? मळमळ, उलटी? मला लिहून ठेवावं लागतं.”

“कायी नाही जी,” पंजाबराव म्हणाले. “फक्त भूक नाही लागत.”

“ते औषधाचंच काम आहे. जेवल्यावर आपलं आतडं मेंदूला निरोप धाडतं, पोट भरलं म्हणून. तोच निरोप हे औषध धाडत राहतं.”

“पोट न भरताच?” जाईबाईंनी विचारलं.

डॉक्टरबाई हसल्या. “थोड्या जेवणातच भरतं, काकू.”

“अन् बंद केलं तं?”

“भूक परत येईल. पण साखरही वाढेल, आणि मग या पायाचा भरवसा मी देऊ शकणार नाही. का? काही सांगायचंय?”

जाईबाईंनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. समोर पंजाबराव वाकून आपला मोजा आपणच चढवत होते. थंडीत त्यांना एवढं वाकता येत नव्हतं.

“नाही जी. सहज इचारलं. चालू ठेवा.”

डॉक्टरबाईंनी चिठ्ठी लिहिली. मग वर पाहिलं आणि क्षणभर पाहतच राहिल्या. “काकू, तुम्हीही या बरं काट्यावर.”

“मी कायले? मी कुठं बिमार हावो?”

“या काकू,” बंडू म्हणाला. “काटा चावत नाही.”

त्या चढल्या. बंडूने उतरायला लावलं, पुन्हा चढायला लावलं. आकडा ऐकून डॉक्टरबाईंनी मागचा कागद काढला. काकांसोबत पहिल्यांदा आल्या तेव्हा काकूंचंही वजन केलेलं होतं.

“एवढं उतरलं?” त्यांचा आवाज बदलला. “काकांच्या पेनातलं तुम्ही पण टोचून घेता की काय? असं चालत नाही हं. ज्याचं औषध त्यानेच घ्यायचं.”

“नाही जी, बाई.” जाईबाईंनी पदर सारखा केला. “मले टोचा नाही लागत. ह्यायचंच पुरून जाते दोघायले.”

बंडू खो खो हसला. डॉक्टरबाईंनाही हसू आलं.

पंजाबरावांचा मोजा अर्धाच चढला होता. त्यांचा हात तिथेच थांबला.