पातीचा चोर

आज पुन्हा कुणीतरी हात मारला होता. इमारतीमागच्या भिंतीशी उभ्या राहून विमलाताई आपल्या गवती चहाकडे बघत होत्या. पाती कापायचीही एक रीत असते. बाहेरची जुनी पाती धरायची, मधले कोंब सोडायचे. चोराने मधूनच ओरबाडलं होतं आणि निम्मी पाती तिथेच टाकून दिली होती. असंच चाललं तर ठोंब मरणार, हे त्यांना दिसत होतं.

ठोंब साधासुधा नव्हता. कणकवलीकडचं माहेरचं घर विकलं, तेव्हा विमलाताईंनी भावाकडे दुसरं काही मागितलं नाही. परसातला हा ठोंब मुळासकट काढला, पिशवीत घातला आणि नाहूरला आणून निळ्या ड्रममध्ये लावला. माहेर म्हणून आता तेवढंच उरलं होतं.

चोर कोण, हे त्यांनी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. तरी न्यायाने वागायचं म्हणून बाकीच्यांचा विचार आधी केला. वरच्या मजल्यावरची निधी शाह गवती चहाला लीली चा म्हणते, पण ती भाजीवाल्याकडून पुदिन्यासोबत जुडी घेते. वॉचमन त्याला हरी चाय म्हणतो, पण पितो टपरीवरचा कटिंग. राहता राहिली समोरच्या दारातली शकु.

विमलाताई जातपात मानत नव्हत्या. तसं त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. फक्त शकुच्या घरचा चहा त्या पीत नव्हत्या. बैठकीत बुद्धाची मूर्ती असलेल्या त्या घरातून हाक आली की कधी यांचा चहा नुकताच झालेला असे, कधी पित्त उसळलेलं असे, कधी उपास असे. मागे दशरथरावांना, म्हणजे त्यांच्या नवऱ्याला, जिन्यात चक्कर आली होती. तेव्हा शकुच्या नवऱ्यानेच, भीमराजने, त्यांना उचलून रिक्षात घातलं. विमलाताईंनी आभार मानले, पण उंबऱ्याबाहेरूनच. दशरथरावांच्या ते मनाला लागलं होतं.

"ऐकलात? पाती आज परत कापल्यान," त्या घरात शिरत म्हणाल्या. "त्या शकुशिवाय दुसरा कोण असतला?"

दशरथरावांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. "मगे जा आणि इचार तिका. हंय बसान काय होतला?"

"जातंयच. आज सोडूचंय नाय."

ठोंबापाशी पडलेली पाती त्यांनी पुरावा म्हणून मुठीत घेतली आणि समोरचं दार गाठलं. बेल दाबायच्या आधीच वास आला. आल्याचा, आणि त्यावर त्यांच्याच पातीचा. विमलाताईंना आतून बरंच वाटलं. संशय खरा ठरला की माणसाला चोरी झाल्याचं दुःखही राहत नाही.

"हे बघ शकु," दार उघडताच त्यांनी मूठ पुढे केली.

शकुने मुठीतली पाती पाहिली आणि तिचा चेहरा खुलला. "अगंबाई! आत्ता तुम्ही स्वतःच घेऊन आलात?" तिने ती दोन्ही हातांनी घेतली. "अहो, बाहेर या! विमलाताई आल्यात!"

काही बोलायच्या आत विमलाताई आत खुर्चीवर बसलेल्या होत्या. भीमराज शर्टाची बटणं लावत बाहेर आला आणि त्याने पंखा वाढवला. शकुने चहा आणला. चांगल्यातला कप होता, बशीसकट.

"स्वतःच म्हणजे?" विमलाताईंनी विचारलं.

"रोज दशरथभाऊंच्या हाती पाठवता ना. ते देतात आणि म्हणतात, विमलाने दिलीय, नाही म्हणू नका." शकु समोरच्या स्टुलावर टेकली. तिचा आवाज खाली आला. "खरं सांगू ताई? राग नका मानू. मला आधी तुमचा संशय यायचा. वाटायचं, आमच्याकडचं पाणीसुद्धा चालत नसेल यांना. मग ही पाती यायला लागली आणि माझीच मला लाज वाटली."

विमलाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शकुचा संशय अगदी बरोबर होता, आणि ती त्याचीच माफी मागत होती. भीमराज खिडकीपाशी उभा होता. कपाकडे बघायचं नाही, असं त्याने ठरवलेलं दिसत होतं. पित्ताचं निमित्त सांगून अजूनही उठता आलं असतं. विमलाताईंनी कप उचलला. चहात आलं जरा जास्तच होतं. त्यांनी तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि शकुने विचारायच्या आधीच कप पुढे केला.

"आणखी अर्धा दे गं."

घरी परतल्या तेव्हा दशरथराव पेपराच्या त्याच पानावर होते.

"लाज नाय वाटली माझ्या नावान खोटा बोलाक?" विमलाताई कडाडल्या. "आणि कापूची तर धड कापूची! ठोंबाची वाट लावलात!"

दशरथरावांनी पेपराची घडी केली. "धड कापली असती, तर तुझ्या ध्यानात इला असता?" ते म्हणाले. "इतकी वर्षां सांगतंय, त्यांच्याकडे चाय पिऊक जा. तू जावक नाय. चोर पकडूक मात्र जातलंस, ह्याची माका खात्री होती."