टिळेकरांचा ताप

वाईच्या श्रीनिवास टिळेकरांना चक्क ताप आलाय, हे कळताच डॉ. मृण्मयी कारखानीस गाडी काढून धावल्या. सर्वांना तापावरची नवी लस टोचल्यापासून ताप दुर्मीळ झाला होता. काडेचिराइताने ताप उतरतो का, हे तपासायला त्यांना वर्षानुवर्षं रुग्णच मिळाला नव्हता आणि त्यामुळे आता त्यांच्या प्रयोगशाळेला टाळं लागणार होतं.

“उतरला हो ह्यांचा ताप!” दारातच टिळेकरकाकू म्हणाल्या.

“काही देऊ नका, म्हणून फोनवर बजावलं होतं ना?”

“औषध कुठं दिलं? नुसता काढा दिला.”

“कशाकशाचा?”

“गुळवेल, तुळस, गवती चहा, पारिजातकाची पानं. आणि तुमचं ते काडेचिराईतही टाकलं चिमूटभर. इतक्या लांबून येताय, तुमचंही मन राखायला हवं!”

डॉक्टर कपाळाला हात लावून मटकन खाली बसल्या.

“अगंबाई, तुम्हालाही कणकण वाटतेय का? थांबा, काढा उरलाय थोडा.”