जिन्यामागची हिरवी टोपी

सामना ऐन रंगात आला आणि केतकीचा कॉम्प्युटर पुन्हा हँग झाला. तेवढ्यात हिरव्या टोपीवाल्या शत्रूने तिला तिसऱ्यांदा टिपलं. आता एकच फेरी उरली होती, आणि ती सुरू व्हायला चार मिनिटं. नवी रॅम टाकून झाली, गेम पुन्हा इन्स्टॉल करून झाला. तरी मेमरी भरतेच कशी?

चिडून तिने टास्क मॅनेजर उघडला. एक अनोळखी प्रोग्राम मेमरी गिळत बसला होता. उघडून बघितलं, तर तो तिच्या स्क्रीनचं चित्र सतत एका मोबाइलवर पाठवत होता. नंबर बाबांचा होता. बारावीत ती अभ्यास करते की खेळते, हे बघायला त्यांनीच तो गुपचूप टाकला असणार. तिची कानशिलं तापली. तो प्रोग्राम उडवून टाकून ती फेरीत उतरली.

लगेच ऑफिसातून बाबांचा फोन आला. "अगं, चित्र गेलं की! आता आम्ही बघायचं कसं?"

"आम्ही?" ती ओरडली.

फोनमध्ये बाबांच्या मागून ऑफिसातल्या दहा-बारा जणांचा गलका ऐकू आला.

"भांड नंतर," बाबा म्हणाले. "तो टोपीवाला दर वेळी डाव्या जिन्यामागे लपतो. आधी तिकडे बघ."

तिने बंदूक जिन्याकडे वळवली. हिरवी टोपी तिथेच होती.