वळणाबाहेरची जागा

मोटारींच्या शर्यतीचे ट्रॅक आखणं हे यज्ञेशचं काम. दिंडोशीच्या वळणावर त्याच्या बहिणीची स्कूटर घसरली आणि कडेच्या खांबावर आदळून ती जागीच गेली, तेव्हापासून तो वॉर्ड ऑफिसात चपला झिजवत होता.

"साहेब, जुन्या ट्रॅकवरही वळणाबाहेर झाडं, खांब असायचे. ड्रायव्हर मेले, तेव्हा कुठे जागा मोकळी सोडायची अक्कल आली."

"इथे काय रेस लावायचीय तुम्हाला?"

दोन वर्षं भांडल्यावर परवा एकदाचा तो खांब निघाला. आज यज्ञेश आईला ती मोकळी जागा दाखवायला घेऊन गेला.



तिथे सिमेंटात रोवलेल्या दोन लोखंडी खांबांवर स्थानिक पुढारी हात जोडून हसत होता: 'अपघातमुक्त वळण. संकल्पना: आपले लाडके भाऊ.'