जुळत नाही

सोजरबाईंनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्येच सुनेची ओटी भरली. नारळ, मूठभर तांदूळ, हिरवा खण. शेफालीनं ओढणीचा पदर पुढे धरला.

"नारळ इथे फोडायचा नाही," जाता जाता एक सिस्टर म्हणाली. पुण्यात आपुलकीसुद्धा अशीच मिळते.

"लग्नात पत्रिका जुळंना म्हून म्या किती आदळआपट केली," सोजरबाई म्हणाल्या. "आन् आज माझ्या लेकाला तुझंच रगत जुळलं. देवानं माझ्या थोबाडात मारली बघ." त्यांनी सुनेच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

शेफालीला भरून आलं. सदाशिव पेठेतली नोकरीवाली मुलगी बाणेरच्या बागायतदारांच्या घरात इतकी वर्षं उपरीच होती. नवऱ्याच्या, विश्वजीतच्या, दोन्ही किडन्या गेल्या आणि सासूबाईंची आई झाली. त्या तिच्यासाठी घरून डबा आणत, समोर बसून खायला लावत.

खरं तर किडनी त्याच देणार होत्या. मागच्या आठवड्यात समोरच्याच, डॉक्टरीणबाईंच्या खोलीतून त्या डोळे पुसत बाहेर आल्या होत्या. "न्हाई जुळत म्हन्त्यात," एवढं म्हणून त्यांनी हंबरडा फोडला होता. सासरे आप्पासाहेब मधुमेहाचे. म्हणजे उरली शेफाली.

विश्वजीत आयटीत. रात्रीची अमेरिकेची कामं, टेन्शन, बीपी. त्यातच किडन्या गेल्या, असं सगळे धरून चालले होते. त्याचं नाक सतत वाहायचं. "एसीची सर्दी गं," तो म्हणायचा. आणि ही त्याला हुंगायला ओव्याची पुरचुंडी करून द्यायची.

डॉक्टरीणबाईंनी शेफालीला एकटीलाच आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"तुमचे मिस्टर कोकेन घ्यायचे. लग्नाआधीपासून."

फाइल दुसऱ्या कुणाची असेल, असं शेफालीला वाटलं.

"त्यानं रक्तवाहिन्या आवळतात. बीपी त्यातूनच चढलं, किडन्यांना रक्त पुरेना. हृदयालाही इजा झालीय. आता सोडलंय म्हणतात. पुन्हा घेतलं, तर तुमची किडनीही जाईल."

"मला तो कधी बोलला नाही."

"आताही बोलणार नाहीत. 'तुम्हीच सांगा' म्हणाले. देणाऱ्याला कळल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही."

शेफालीला ती पुरचुंडी आठवली. तो ती हुंगायचा आणि वर "काय आराम पडतो!" म्हणायचा. तिच्या भाबडेपणावर मनात हसतही असेल.

"तुम्ही नाही म्हणू शकता," बाई शांतपणे म्हणाल्या. "नकाराचं कारण या खोलीबाहेर जात नाही. शेवटच्या तपासणीत जुळत नाही, एवढंच घरच्यांना कळतं."

नवऱ्याला नाही म्हणणं तिला आता जड नव्हतं. जड होती ती बाहेर बसलेली बाई. लेकासाठी स्वतःचं पोट फाडून द्यायला निघालेल्या त्या माउलीला कुठल्या तोंडानं खोटं सांगायचं? शेवटी शेफाली म्हणाली, "नाही जुळत, असंच सांगा."

ती बाहेर आली तेव्हा ओटीतला नारळ तिला पेलवेना.

"आई, नाही जुळत," ती कशीबशी म्हणाली. "माफ करा मला."

आप्पासाहेब मटकन बाकावर बसले. तिला वाटलं, आता सासूबाई टाहो फोडणार.

सोजरबाईंच्या डोळ्यांत टिपूस आलं नाही. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं, सुनेला दंडाला धरून बाजूला घेतलं आणि कानाशी तोंड नेलं.

"तुलाबी दार लावून सांगितलं व्हय, 'जुळत न्हाई' म्हनता येतं म्हून?"