ओलं बोट

पिठाच्या गिरणीची मोटर सोडवून ठेवली तरी तिच्या सर्किट बोर्डावरचा व्होल्टेज रेग्युलेटर तापत होता. श्यामकांतने नवा बसवला. मीटरवर सगळं ठीक दिसत होतं, पण तोही तसाच तापला.

अंबरनाथ पश्चिमेच्या या दुरुस्तीच्या दुकानात तापलेला पार्ट शोधायचं काम त्याच्या बायकोचं, सुनंदाचं. बोट जिभेला लावायची आणि एकेका पार्टवर टेकवायची. चर्र झालं की म्हणायची, "हाच हो. काढा." कितीदा ओरडला तिला, पण ऐकेल ती सुनंदा कसली. त्या बोटावर भाजल्याचा आडवा वणही होता. ती गेल्यापासून तिचं स्टूल त्याने हलवलं नव्हतं.

"काका, झालं का? गिरणी बंद पडलीय माझी," शिरगावचा सुयोग दारातून म्हणाला.

"चहा पिऊन ये. जरा थंड होऊ दे."

सुयोग गेला. श्यामकांतने प्लग काढला आणि वाट पाहत बसला. रेग्युलेटर काही थंड होईना.

मग चर्र झालं.

रेग्युलेटरवर बोटाचा ओला ठसा उमटला होता, मधोमध आडवी कोरडी रेघ. बघता बघता तो सुकला. पुन्हा चर्र झालं, पुन्हा तोच ठसा उमटला.

श्यामकांतने स्टूलकडे पाहिलं. ते रिकामंच होतं.

"बोर्ड राहू दे गं," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे बघ ना एकदा."

रेग्युलेटरवर पुन्हा ठसा उमटला नाही. त्याने डोळे मिटले.

कपाळावर एक ओलं बोट अलगद टेकलं, आणि चर्र झालं.