ऑइलचा लाल दिवा

अरे ऐका ना, आमच्या बाळकुमच्या घरी काय राडा झालेला! बाबांनी सेकंडहॅन्ड फियाट घेतली आणि मीटरमधला ऑइलचा लाल दिवा काही केल्या विझेना. कल्याणला चंदूचं गॅरेज आहे, आणि हा चंदू म्हणजे आमच्या मंजुताईचा होणारा नवरा! बाबा डॅशबोर्डवरची एकवीरा आई आधी घरात काढून ठेवायचे, मेकॅनिकचे तेलकट हात तिला लागायला नकोत म्हणून, आणि मग गाडी न्यायचे. चंदू म्हणायचा, "मामा, फॉल्ट सापडला, काढून टाकला." तिकडे दिवा बंद, आणि घरी आल्यावर पुन्हा चालू!

"हा तिकडे वायर सोडवतो आणि आपल्याला गंडवतो," बाबा भडकले. "असल्याला पोरगी देऊ? साखरपुडा मोडतो!" ताई तर रडायलाच लागली.

शेवटी चंदूला घरीच बोलावलं. त्याने इंजिन चालू केलं, तरी दिवा लालच. त्याने बॉनेटला हातसुद्धा लावला नाही, फक्त डॅशबोर्डवरच्या एकवीरा आईच्या पायाशी लावलेल्या छोट्या लाल बल्बची वायर काढली. मीटरमधला लाल उजेड गायब!

"मामा, देवीच्या बल्बचा उजेड मीटरच्या काचेत दिसत होता," चंदू छाती फुगवून म्हणाला. "गाडीत फॉल्ट कधी नव्हताच!"

ताई हसली, आईने चहा ठेवला. बाबा मात्र चंदूकडे वळले.

 

"मग दर वेळी काढून टाकलास तो फॉल्ट कुठला रे, जावईबापू?"